फुटकी कवडी

आजीची माळ तुटली ती नवरात्राआधीच्या झाडलोटीत. देवघराच्या वरच्या फळीवर परडीत ती गुंडाळून ठेवली होती. आजी गेल्यापासून कुणी गळ्यात घातली नव्हती. मी परडी खाली घेतली, माळ उचलली आणि दोरा हातातच विरला. कवड्या फरशीवर सांडल्या. नाणी सांडली की खणखणतात. हा आवाज कोरडा होता, थंडीत दातांवर दात वाजावेत तसा.

आयुष्यभर बँकेच्या काउंटरवर चिल्लर मोजलेल्या बाईसमोर काही सांडलं, की ती आधी मोजते. बावन्न भरल्या. एक्कावन्न माळेतल्या आणि एक परडीत सुटी पडलेली. फ्रिजखाली हात घालून पाहिला. बावन्नच.

आजी आराधीण होती. तिचं माहेर तुळजापूरच्या पलीकडचं. मंगळवारी आणि शुक्रवारी ही माळ गळ्यात, परडी हातात, पाच घरं जोगवा, आणि दारात उभं राहून ‘आई राजा उदो उदो’. लहानपणी तिच्या मांडीवर बसून मी कवड्यांच्या दातांवरून नख फिरवायची. ह्या येतात कुठून, असं एकदा विचारलं तर म्हणाली, “आईच्या घरून.” पुढे मोठी झाल्यावर तुळजापुरातल्या माळा विकणाऱ्या दुकानदाराला हाच प्रश्न विचारला. तो म्हणाला, “माल वरून येतो, ताई.” समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब आणि खाली. तरी माल वरून. व्यापाऱ्याच्या तोंडी ‘वरून’ म्हणजे ‘विचारू नका’.

आजीपेक्षा त्याचं उत्तर फार वेगळं नव्हतं.

माळेतल्या कवड्यांची पाठ फोडलेली असते. ओवायची तर तिला भोक हवं, म्हणून पाठीचा फुगीर भाग घासून किंवा टोचून काढतात. उरतं ते फक्त तोंड, दाताळ आणि पांढरं. परडीतली सुटी कवडी मात्र अख्खी होती. तिच्या पाठीवर फिकट सोनेरी कडं होतं, बोटात अंगठी घालावी तसं. मागून कळलं की पैसा म्हणून जगभर फिरलेल्या कवड्या मुख्यतः दोन जातींच्या. एक पिवळसर, कडेला गाठी असलेली, मालदीवची. दुसरी ही अंगठीवाली, जी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, झांझिबारच्या बाजूला रग्गड मिळते. आपल्याकडच्या समुद्रातही ती सापडते, त्यामुळे आजीची कवडी झांझिबारची, असं मी म्हणणार नाही. आणि बाकीच्या एक्कावन्न? त्यांची पाठच गेलेली. ओळख सांगणारी बाजू तीच होती.

आपल्या भाषेत कवडी सगळीकडे पडलेली आहे. कवडीमोल, कवडीचुंबक, कवडी कवडी जोडणं. फुटकी कवडी तर शून्याच्याही खालची. निवृत्तीनंतर रिकामा वेळ हाताशी होता आणि चिल्लरीचा नाद काही सुटत नव्हता, म्हणून मी कवडीच्या मागे लागले.

पहिली गाठ पडली ती घरच्याच माणसाशी. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त आरंभीच चलनाचं कोष्टक येतं. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. म्हणजे पणाला ऐंशी कवड्या. आता अठराव्या शतकातल्या बंगालच्या बाजारात या. चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा काहन. पणाला पुन्हा ऐंशीच! राज्यं बदलली, भाषा बदलल्या, सहाशे वर्षं गेली, आणि कोष्टक जागचं हललं नाही. त्या शतकाच्या अखेरीस साधारण चार काहनांना एक रुपया मिळे, म्हणजे 5120 कवड्यांना. माझ्या बावन्न म्हणजे तेरा गंडे, रुपयाचा जेमतेम शंभरावा हिस्सा.

एवढं बारीक चलन लागायचं कुणाला? ज्याला तांब्याचा पैसाही मोठा पडे, त्याला. मूठभर मीठ, पालेभाजीची एक जुडी, दोन विड्याची पानं. कवडी गंजत नाही, झिजत नाही, तिचा आकार एकसारखा आणि खोटी कवडी पाडणं कुणाला परवडत नाही. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये सांगतो की समुद्राजवळ पैशाला ऐंशीपर्यंत कवड्या मिळतात आणि आग्र्याला जेमतेम पन्नास-पंचावन्न. तोच पैसा, तीच कवडी. मधली पायपीट फक्त कवडीत भरलेली. गुजरातेत तर चिल्लर म्हणून इराणातले कडू बदाम चालत. आमच्या काउंटरवर सुट्ट्याऐवजी चॉकलेट देण्याची सोय नव्हती, पण कल्पना जुनी आहे.

ह्यात आपलाही हात आहे. नागपूरकर भोसले म्हटलं की आपल्याला बंगालवरच्या स्वाऱ्या आणि चौथाई आठवते. 1751 पासून 1803 पर्यंत ओडिशा त्यांच्या ताब्यात होता, तिथला सारा कवड्यांत भरता येई, आणि बालेश्वर हे तर मालदीवच्या कवड्या उतरण्याचं मोठं बंदर. मराठी कारकून तिथे बसून काहनांचे हिशेब लिहीत असणार, ह्या विचाराने मला उगाच सलगी वाटली. 1803 मध्ये कंपनी सरकार आलं आणि सारा चांदीत मागू लागलं. शेतकऱ्याकडे कवड्या, सरकारला हवे रुपये. मधल्या बट्ट्यात माणसं भरडली. 1817 मध्ये पाइकांनी, म्हणजे जमिनीच्या बदल्यात चाकरी करणाऱ्या तिथल्या शिपायांनी, बंड केलं. जमिनी गेल्या, मीठ महागलं, अशी कारणं अनेक होती, पण कवडी नाकारली जाणं हे त्यातलं एक. आपल्याकडचे पैसे उद्यापासून चालणार नाहीत, हे ऐकलेल्या माणसाचा चेहरा मी काउंटरच्या काचेतून पाहिलेला आहे. त्यामुळे हे मला फार समजावून घ्यावं लागलं नाही.

पण बंगालात कवडी पिकत नाही. ती यायची मालदीवहून.

इब्न बतूता 1343 च्या सुमारास तिथे पोचला. तेव्हा गादीवर खदीजा नावाची राणी होती आणि हा गृहस्थ तिथला काझी झाला. त्याने लिहिलंय की बेटावरचे लोक समुद्रातून हा जीव गोळा करतात आणि किनाऱ्यावर खड्ड्यांत ठेवतात. मांस कुजून जातं आणि पांढरं हाड उरतं. एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या, भाव पडला तर बारा लाखसुद्धा. आठ-नऊ वर्षांनी तोच माणूस सहारा ओलांडून पश्चिम आफ्रिकेत माली राज्यात गेला. तिथे पाहतो तर त्याच कवड्या, आणि दिनाराला फक्त 1150. त्याआधी अरब मुलूख, मिसर आणि वाळवंटातले उंट एवढा प्रवास करून त्या तिथे गेलेल्या होत्या. पोर्तुगीजांनी रस्ता शोधला असं आपण शाळेत शिकतो. रस्ता होताच, त्यांनी उंट काढून जहाज घातलं.

मालदीवचं सगळ्यात जिवंत वर्णन एका अडकून पडलेल्या माणसाचं आहे. फ्रान्स्वा पिरार नावाचा फ्रेंच खलाशी 1602 मध्ये जहाज फुटून तिथे लागला आणि पाच वर्षं कैदेत राहिला. नुसता बसून राहिला नाही, भाषा शिकला. कवडीला तिथे ‘बोली’ म्हणतात. अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या आसपास बायका कमरेइतक्या पाण्यात उतरून त्या वेचत. बारा हजारांची एक करंडी नारळाच्या झावळ्यांत बांधत. तिला म्हणत कोट्टा. मोजणी बंदरात नव्हे, बांधतानाच व्हायची. पुढे व्यापारी करंड्याच मोजत. नुसत्या कवड्या भरून तीस-चाळीस जहाजं एका वर्षात बंगालकडे गेलेली त्याने पाहिली. परत येताना त्यांत तांदूळ असे. बेटं प्रवाळाची आणि वाळूची. नारळ आणि मासे भरपूर, भात पिकत नाही. कवडी गेली नाही तर चुलीवर भात नाही. ह्या बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून तांदूळच वेचत होत्या म्हणायचं. (1607 मध्ये बंगालकडून आलेल्या लुटारूंनी मालदीवची राजधानी माले लुटली तेव्हा पिरार सुटला आणि फिरत फिरत गोव्याला पोचला. तिथल्या राजाच्या इस्पितळाची त्याने तोंडभरून स्तुती केली आहे. गोव्यात त्याला सुख लाभलं ते एवढंच.)

पोर्तुगीजांना कवडीचं गणित लवकर कळलं होतं. 1558 पासून 1573 पर्यंत त्यांनी मालेच ताब्यात ठेवलं. त्यांची जहाजं मिरी आणि कापड घेऊन परतत. मिरी हलकी, कापड हलकं, म्हणून जहाज डोलू नये यासाठी तळाशी वजन लागे. दगड भरण्यापेक्षा कवड्या बऱ्या. दगडाला लिस्बनमध्ये गिऱ्हाईक नसतं. पुढे डच आले, मग इंग्रज. डच कंपनी श्रीलंकेतून आणि इंग्रज बंगालमधून कवड्या उचलत, आणि ॲमस्टरडॅम व लंडनला त्यांचे लिलाव होत. लिलावात बोली लावणाऱ्यांना कवड्यांचं युरोपात काही करायचं नसे. त्या पुन्हा जहाजात चढत आणि दक्षिणेकडे, पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जात. 1700 ते 1790 या काळात डच आणि इंग्रजांनी मिळून दहा अब्जांच्या आसपास कवड्या तिकडे नेल्या, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. वजनात अकरा हजार टनांवर. मी आकडेवाली बाई, पण दहा अब्ज डोळ्यांसमोर येत नाहीत. कमरेइतक्या पाण्यातली वाकलेली पाठ येते.

आजच्या बेनिन देशात वीदा नावाचं गाव आहे. इंग्रज त्याला व्हिडा म्हणत. तिथे कवड्या ओवून मोजत. चाळीसची एक सर, तिला ‘टोक’. अशा पाच सरांची म्हणजे दोनशेची एक ‘गालिन्या’. हा पोर्तुगीज शब्द, अर्थ कोंबडी. आणि चार हजारांचं एक ‘काबेस’. तोही पोर्तुगीजच, काबेसा म्हणजे डोकं.

ह्या कोष्टकापाशी मी थांबले. चहा केला, तो ओट्यावरच राहिला.

1680 च्या सुमारास वीदाला एका धडधाकट माणसाची किंमत दहा हजार कवड्यांच्या घरात होती. वजनाने अकरा-बारा किलो. मालदीवच्या बायकांनी बांधलेल्या एका करंडीपेक्षा थोडं कमी. आजीच्या एक्कावन्नच्या माळेसारख्या माळा धरल्या तर एकशे शहाण्णव. सगळी किंमत कवड्यांतच देत असं नाही. तिसरा-चौथा हिस्सा कवड्या आणि बाकी कोरोमंडळचं कापड, लोखंडी पट्ट्या, ब्रँडी, बंदुका, ब्राझीलमधला काकवीत भिजवलेला तंबाखू. पण मोजायचं माप कवडीचं. शंभर वर्षांत, 1770 च्या दशकापर्यंत, हा भाव दीड लाखाच्या वर गेला. माणसांना मागणी वाढली होती आणि कवड्यांचा महापूर आला होता. दीड लाख कवड्या म्हणजे पावणेदोनशे किलो. माणसाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट. ‘कवडीमोल’ हा शब्द मी कितीदा वापरला असेन. कांद्याला, टोमॅटोला, काकांनी विकलेल्या जमिनीला.

एकट्या वीदाहून दहा लाखांहून अधिक माणसं समुद्रापार गेली. हे सगळं गोऱ्या व्यापाऱ्यांनी किनाऱ्यावर उतरून पकडून नेलं असं चित्र मनात असतं. ते खरं नाही. आतल्या भागात दाहोमे नावाचं राज्य होतं. त्याचा राजा अगाजा याने 1727 मध्ये वीदा जिंकून घेतलं आणि बंदर थेट ताब्यात आणलं. लढाईत कैदी मिळत, कैदी विकून कवड्या आणि बंदुका मिळत, आणि बंदुकांनी पुढची लढाई होई. त्याच कवड्यांनी दाहोमेच्या बाजारात बाया मीठ, मका आणि तळलेले अकारा विकत. अकारा म्हणजे चवळी भिजवून, वाटून केलेले वडे. आपल्याला अजिबात परके वाटू नयेत असे. मका अमेरिकेतून आलेला, कवडी मालदीवची, आणि कर राजाला कवड्यांत. बाजार भरत होता, वाढत होता, चिल्लर मुबलक होती. माझ्या नोकरीच्या भाषेत सांगायचं तर तरलता उत्तम. हे वाक्य लिहून मी दोनदा खोडलं, पण ते खरं आहे म्हणून ठेवते.

त्या किनाऱ्यावर, बेनिन आणि टोगोकडे, कवड्या कशा मिळत याची एक कथा सांगतात. गुलामाला मारून त्याचं प्रेत समुद्रात सोडत. कवड्या त्याला येऊन डसत. मग प्रेत वर ओढून त्या खुडून घेत. इतिहासाच्या दृष्टीने हे खोटं, कारण मालदीवची कवडी त्या समुद्रात होतच नाही. पण दहाव्या शतकातल्या अरब प्रवाशांनी मालदीवचं जे ऐकून लिहिलंय ते असं: नारळाच्या झावळ्या पाण्यावर टाकतात, कवड्या त्यांना येऊन चिकटतात, मग झावळ्या बाहेर काढतात. कृती तंतोतंत तीच, फक्त झावळीच्या जागी माणूस. कथा रचणाऱ्याला मालदीवची बेटं ठाऊक असण्याचं कारण नाही. त्याला एवढंच दिसत होतं की माणूस समुद्रात जातो आणि कवड्या बाहेर येतात. दहा अब्जांच्या हिशेबापेक्षा मला हा हिशेब चोख वाटतो.

पुढचं लवकर आटपते. 1807 मध्ये इंग्लंडने गुलामांचा व्यापार बंद केला आणि कवड्यांचा भाव बसला. मग साबणासाठी आणि यंत्रांच्या वंगणासाठी युरोपला पामतेल हवं झालं, आणि त्या तेलाचे पैसे म्हणून कवड्या पुन्हा निघाल्या. 1845 नंतर हॅम्बर्गच्या पेढ्यांनी झांझिबारची अंगठीवाली कवडी जहाजं भरभरून ओतली. ती मोठी, जड आणि स्वस्त. भाव असा घसरला की पैशांचं ओझं वाहणाऱ्या हमालाची मजुरी पैशांनाच खाऊ लागली. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या कवड्या पुरून ठेवल्या होत्या त्यांच्या हाती शिंपले उरले. घानाने 1965 मध्ये स्वतःचं चलन काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘सेडी’, म्हणजे कवडी. पैसा संपला तरी नाव चिकटून राहिलं, आपल्या दमडीसारखं.

ज्यांना विकलं त्यांच्यासोबत कवड्याही समुद्रापार गेल्या. कशा, ते सांगता येत नाही, कारण जहाजावर माणसाला अंगावरचं वस्त्रही राखता येत नसे. न्यूयॉर्कमध्ये 1991 मध्ये एका सरकारी इमारतीचा पाया खणताना आफ्रिकी लोकांची जुनी दफनभूमी लागली. तिथे एका बाईच्या कमरेभोवती मण्यांची सर होती आणि त्या मण्यांत कवड्या.

ब्राझीलमध्ये बाहिया प्रांतात चवळीचे ते वडे ‘अकाराजे’ या नावाने आजही बाया रस्त्यावर तळतात. आणि तिथेच सोळा कवड्या टाकून कौल लावतात. पद्धत योरुबा लोकांची, वीदाच्या पूर्वेकडच्या मुलखातली. सोळाला योरुबात जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘वीसला चार कमी’. आपल्या एकोणिसाच्या चालीवर. क्यूबातही हा कौल आहे. कवड्या टाकायच्या, किती उताण्या पडल्या आणि किती पालथ्या ते पाहायचं, त्यावरून देव काय म्हणतो ते सांगायचं. आमच्या घरी सारीपाटाला कवड्या टाकत तेव्हा हेच पाहत, फक्त देव मध्ये नसायचा, आत्या असायची, आणि ती लबाडी करायची.

मी बाहियातल्या त्या कवड्यांचे फोटो मोठे करून पाहिले. सोळाच्या सोळा पाठ फोडलेल्या. दोन्ही बाजूंनी पडता यावं म्हणून पाठ उघडतात. वीदाला सरीत ओवताना फोडत, तुळजापुरात माळेत ओवताना फोडतात, तिथे देवाला बोलता यावं म्हणून फोडतात. आमच्या म्हणीतली फुटकी कवडी कुठल्या बाजारातून आली कोण जाणे. ती ह्यांच्या गावी गेलेली नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी पक्का सुती दोरा आणला, मेण लावलं आणि माळ ओवायला बसले. सुईसुद्धा लागली नाही, भोकं मोठी आहेत. एक्कावन्न ओवून झाल्या. परडीतली सुटी तेवढी राहिली. आजीने ती कधी ओवायची म्हणून ठेवली होती, की अख्खी म्हणून जपली होती, आता विचारायला कुणी नाही. गल्लीतल्या म्हाताऱ्या आराधीणबाईंना दाखवली. त्यांनी ती उलटीसुलटी केली आणि म्हणाल्या, “बावन्नची माळ हाय, बाई. घास आन् घाल.”

पाटा काढला. त्यावर थोडं पाणी शिंपडलं, कवडी पालथी धरली आणि घासायला लागले. आधी चकाकी गेली. मग पांढरं दूध पाण्यात उतरू लागलं. अंगठीचं सोनेरी कडं एका बाजूने तुटलं, मग दुसऱ्या बाजूने, आणि पाठीला टाचणीएवढं भोक पडून पलीकडचा उजेड दिसला.